‘जीवघेणा स्टंट’ हे शब्द त्या फोटोखाली नको होते

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरच्या शेवटच्या पानावर एक मोठा रंगीत फोटो आला होता, हिमालयातल्या गोठलेल्या धबधब्याचा. निळसर बर्फाची उभी भिंत, मधोमध लाल जॅकेटवाला एक माणूस, दोन्ही हातात वाकड्या कुऱ्हाडी, आणि खाली ठळक अक्षरात ‘गोठलेल्या धबधब्यावर तरुणाचा जीवघेणा स्टंट’. फोटो एवढा छान होता की मी तो कापून घरी आरशाशेजारी चिकटवला, पण खालची ओळ कात्रीनं काढून टाकली. का काढली ते सांगायला हे पत्र लिहून राहिलो. लांब झालं तरी पूर्ण वाचा ही विनंती, कारण हा प्रश्न हिमालयाचा कमी आणि आमच्या गावच्या पोट्ट्यांचा जास्त आहे.

मी अचलपूर तालुक्यातला. घराच्या मागं मेळघाटचे डोंगर, पुढं संत्र्याचे बगीचे. अकरा वर्षं झाली कंत्राटी वायरमन म्हणून लाइनवर काम करतो. आणि तीन हिवाळे मी हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात जाऊन असेच गोठलेले धबधबे चढलोय, त्याला आइस क्लाइंबिंग म्हणतात, म्हणून तो फोटो मी जरा वेगळ्या नजरेनं पाहिला.

मला त्यात काय दिसलं ते सांगतो. त्या माणसाच्या कमरेपासून एक दोर खाली येतो आणि तो दोर चार ठिकाणी बर्फात रोवलेल्या नळ्यांना अडकवलेला आहे, भिंग घेऊन पाहिलं तर चारही मोजता येतात. खाली डाव्या कोपऱ्यात दुसरा माणूस आहे, छापताना तो अर्धा कापला गेलाय, पण त्याची मान वर आहे आणि दोन्ही हात दोरावर आहेत. तो धबधब्याच्या सरळ खाली उभा नाही, बाजूला खडकाच्या आडोशाला उभा आहे, कारण वरच्यानं कुऱ्हाड मारली की बर्फाच्या खपल्या सुटतात आणि त्या थेट खालच्याच्या डोक्यावर येतात. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट आहे. भिंतीवर कुठंच ऊन नाही, म्हणजे वेळ पाहून चढलेत. साहेब, एवढी तयारी करून केलेल्या गोष्टीला स्टंट म्हणत नाहीत. स्टंट म्हणजे पुलावरून उडी मारून रील काढणं. हे काम आहे, गवंडी ओळंबा लावून भिंत उचलतो तसं.

आता बर्फाशी आमचा काय संबंध असं कोणी म्हणेल. खरंच, आमच्या भागात बर्फ म्हणजे लग्नाच्या सरबतासाठी भुशात गुंडाळून आणलेली लादी, नाहीतर मग गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडल्या तेव्हा आमच्या बगीच्यात संत्र्याचा सडा पडला होता आणि गहू असा झोपला होता जसं कोणी त्यावरून रोलर फिरवला. बाबा बांधावर बसून राहिले, दिवसभर जेवले नाहीत. म्हणून मी पहिल्यांदा घरी सांगितलं की मी बर्फावर चढायला चाललो तेव्हा बाबा एवढंच बोलले, “बर्फानं आपलं कधी भलं केलं का बे?” आणि माय म्हणाली, “बर्फच पाह्यचा असन त परतवाड्याहून लादी आनून देतो, त्याच्यासाठी हिमालयात कायले जाऊन राह्यला?” दोघांचंही बरोबर होतं, त्यांना कोणी दुसरा बर्फ दाखवलाच नव्हता.

मी एकदम धबधब्यावर गेलो नाही हेही सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं तिकीट काढलं आणि गेला. आधी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला, जवळपास चार आठवड्यांचा. ही संस्था १९६५ पासून आहे, दार्जिलिंगची १९५४ पासून, मनालीला आहे, पहलगामला आहे, म्हणजे सरकारनंच हे शिकवायची सोय केलेली आहे, आमच्याकडं फक्त कोणाला माहीत नसते. तिथं पहिले कित्येक दिवस तर गाठी मारणं, पाठीवर ओझं घेऊन चालणं आणि खडकावर पाय कसा ठेवायचा एवढंच होतं. बर्फावर नेलं ते नंतर, आणि तिथंही सगळ्यात आधी शिकवलं ते घसरलो तर थांबायचं कसं. चढायचं कसं ते त्याच्यानंतर.

पायात बूट, बुटाखाली क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी दातांचा सांगाडा. त्याची गोष्ट मला फार आवडते. १९०८ मध्ये ऑस्कर एकेन्स्टाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं दहा दातांच्या क्रॅम्पॉनचं डिझाइन काढलं, आणि ते घडवलं इटलीतल्या कूरमायेर गावच्या ग्रिवेल नावाच्या लोहारानं, जो एरवी शेतीची अवजारं बनवायचा. पुढं १९२९ मध्ये त्याच लोहाराच्या पोरानं, लॉरेंट ग्रिवेलनं, समोरच्या बाजूला आणखी दोन दात काढले. त्याआधी उभा बर्फ चढायचा तर कुऱ्हाडीनं एकेक पायरी खोदत जावं लागायचं, तासन् तास. समोरचे दात आल्यावर माणूस पायाची टोकं बर्फात मारून सरळ उभा राहू लागला. म्हणजे या खेळाला वळण लावलं ते विळे-कुदळी करणाऱ्या एका लोहाराच्या घरानं. आमच्या गावात भाता अजून एका घरी चालू आहे, त्या काकांना मी माझे क्रॅम्पॉन दाखवले तर त्यांनी पाच मिनिटं ते उलटसुलट फिरवून पाहिले आणि बोटानं दाताची धार पाहून म्हणाले, पाणी बरोबर दिलंय.

आता धबधबा गोठतो कसा. मला आधी वाटायचं एका रात्री थंडी पडते आणि पडता पडता पाणी थिजून जातं. तसं नसतं. हिवाळ्यात वरचं पाणी आधीच कमी झालेलं असतं, नाल्याची धार बारीक होते, मग कडेचे शिंतोडे खडकावर बसून गोठतात, त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा, वरून दांडे लोंबायला लागतात, खालून ढीग वर चढत येतो आणि काही आठवड्यांनी दोन्ही एकमेकांना भिडून खांब तयार होतो. आतून बहुतेक वेळा पाणी चालूच असतं. शाळेत शिकलो होतो की पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं, ते तिथं डोळ्यानं दिसतं, घरांचे नळ फुटतात म्हणून लोक हिवाळ्यात नळ बंदच करून टाकतात आणि झऱ्यावरून डब्यानं पाणी आणतात. निळा बर्फ म्हणजे दाट, हवा कमी असलेला, त्यात कुऱ्हाड टक्क करून बसते. पांढरा म्हणजे हवा भरलेला, भुसभुशीत. आणि फार थंडी पडली की बर्फ काचेसारखा ठिसूळ होतो, उणे वीसच्या आसपास कुऱ्हाड मारली की ताटाएवढी खपली फुटून अंगावर येते. थोडी ऊब असली तर बर्फ जरा लवचिक राहतो आणि हत्यार छान धरतो, पण ऊब वाढली की तोच बर्फ खडकापासून सुटतो. म्हणजे खूप थंडी पण नको आणि ऊन पण नको, मधला टाइम शोधावा लागतो. कापूस वेचणारी बाई दव वाळायची वाट पाहते आणि उन्हाच्या आधी शेत गाठते, तसंच.

अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये यूरे म्हणून खाणीचं जुनं गाव आहे, तिथं तर दरीच्या कडेवरून पाइप टाकून, शॉवरसारखी तोंडं लावून पाणी सोडतात आणि बर्फाच्या भिंती पिकवतात, १९९० च्या दशकात हे सुरू झालं आणि हिवाळ्यात गाव त्यावर चालतं. आमच्या स्प्रिंकलरवाल्या शेतकऱ्याला हे सांगितलं की तो लगेच समजतो.

आता त्या दिवसाबद्दल. चार वर्षांपूर्वीचा जानेवारी. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून शिमला, तिथून किन्नौरच्या रस्त्यानं रेकाँग पिओ, नाको, ताबो करत काझा, कारण मनालीकडून येणारी कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते. काझा साधारण ३,७०० मीटरवर आहे, आमचं चिखलदरा ११०० च्या आसपास, म्हणजे तिप्पट उंच. दोन दिवस नुसते बसून काढले, शरीराला पातळ हवेची सवय व्हावी म्हणून. हे दोन दिवस फार जड जातात, खिडकीतून पांढरा डोंगर दिसत असतो, सुट्टीचे दिवस मोजलेले असतात, तरी बसायचं. ज्या घरी राहिलो तिथं बुखारीभोवती, म्हणजे घर गरम ठेवायच्या लोखंडी शेगडीभोवती, सगळं घर झोपायचं, त्यातलीच एक आजी रोज सकाळी “जुले”, म्हणजे नमस्कार, म्हणून लोणी घातलेला खारट चहा द्यायची. आम्ही पाच जण होतो, तीन विदर्भातले, एक पुण्याचा आणि आमच्यासोबत स्पितीतलाच एक पोरगा, वयानं आमच्यापेक्षा लहान, पण सगळे त्याचं ऐकायचे.

स्पिती नदीला बाजूनं येऊन मिळणारा एक नाला होता, त्यात एकावर एक असे चार धबधबे गोठलेले. लिंगटी गावाजवळचा मोठा धबधबा सगळ्यांना माहीत आहे, हा तसा नावाजलेला नव्हता. अंधारात निघालो, डोक्यावरच्या दिव्यात फक्त पुढच्याचे बूट दिसायचे. मोबाइल बनियनच्या आत ठेवायचा, नाहीतर थंडीनं बॅटरी झोपते. पहिला धबधबा तिरपा होता, पंधरा मीटरचा असेल, तिथं हात-पाय मोकळे झाले. गोठलेल्या धबधब्यांना वॉटर आइस म्हणून १ ते ७ अशी श्रेणी देतात, आकडा मोठा तेवढं अवघड, हा २ चा असावा. दुसरा पडद्यासारखा रुंद, शेजारी शेजारी दांडे जुळून झालेला, ३ चा. तिसरा अरुंद आणि बराच वेळ उभा, तिथं मला पहिल्यांदा पुढं जायला सांगितलं, म्हणजे दोर वरून नाही, दोर मी स्वतः खालून घेऊन जाणार आणि वाटेत स्क्रू लावत जाणार.

हा स्क्रू म्हणजे बोटाएवढ्या जाडीची पोकळ नळी, तेरा ते बावीस सेंटीमीटर लांब, टोकाला दात, बाहेरून आटे. एका हातानं कुऱ्हाडीला लटकून दुसऱ्या हातानं तो फिरवत फिरवत आत घालायचा. फिरवताना नळीतून बर्फाची कांडी बाहेर येते, आणि ती कांडी पाहायची. स्वच्छ, सलग काचेसारखी आली तर बर्फ चांगला, मध्येच पोकळ किंवा ओला चुरा आला तर स्क्रू काढून जागा बदलायची. आमच्याकडं बोअर मारणारा बाहेर पडणारा गाळ पाहून सांगतो ना की काळा दगड लागला का मुरूम, अगदी तसं. चांगल्या बर्फात बसलेला स्क्रू १० किलोन्यूटन ताण सहन करेल असं मानक आहे, म्हणजे साधारण एक टन वजन. पण चांगल्या बर्फात, हे महत्त्वाचं. म्हणून या खेळात पुढं जाणाऱ्याला पहिला नियम शिकवतात की पडायचंच नाही, स्क्रू आहे म्हणून पडून पाहू असं करायचं नाही, थकायच्या आधी स्क्रू लावायचा, थकल्यावर नाही.

मी मोजून पाच स्क्रू लावले. कुऱ्हाड मारायची, एकदाच, नीट, मनगटाचा झटका देऊन, मग पाय दोन्ही एका उंचीवर, टाचा खाली, कमर भिंतीला चिकटून, मग उठायचं. घाईनं दहा वेळा कुऱ्हाड मारणाऱ्याचे हात पाच मीटरमध्ये भरून येतात. वर पोचल्यावर हात खाली सोडले आणि बोटांत रक्त परत आलं तेव्हा अशी कळ उठली की डोळ्यातून पाणी आलं, सगळ्यांना येते ती, दोन-तीन मिनिटांत जाते. मग खाली पाहिलं. नाला, त्याच्या खाली नदीची हिरवी रेघ, नदीच्या पलीकडं पायऱ्यापायऱ्यांची शेतं बर्फाखाली, उन्हाळ्यात त्यात मटार होतो, आणि त्या मटाराला पाणी कुठलं तर याच बर्फाचं. मला तेव्हा आमच्या वरूड-मोर्शीकडचे बोअर आठवले, एवढे खोल जाऊनही कोरडे. इथं पाणी डोंगराच्या अंगावर उभं राहिलं होतं, चैत्राची वाट पाहत. कुठल्याही देवळात मला एवढं शांत वाटलं नाही.

आणि वर चौथा. संपादक साहेब, तो तुमच्या फोटोतल्यापेक्षाही सुंदर होता. वरच्या कड्यापासून खालच्या ढिगापर्यंत एकच खांब, मागं खडकाला कुठं टेकलेला नाही, आरपार निळा. त्याच्यासाठीच मी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते, दिवाळीत नवीन कपडे घेतले नव्हते, ओव्हरटाइम केला होता. तो स्पितीचा पोरगा खांबाजवळ गेला, कुऱ्हाडीच्या दांड्यानं दोन जागी ठोकलं. खालच्या बाजूला टक्क आवाज आला आणि छातीच्या उंचीवर धप्प, माठाला चीर असली की येतो तसा. मग त्यानं कान लावला. आम्हाला पण लावायला सांगितला. आत पाणी पळत होतं, नळ सोडल्यासारखं. पलीकडच्या कड्याच्या टोकावर ऊन आलं होतं आणि ते खाली सरकत होतं. तो म्हणाला, “आज नहीं भैया, अंदर पानी चल रहा है.” एवढंच. कोणी वाद घातला नाही. पुण्याच्या मित्रानं फक्त एक फोटो काढला आणि कॅमेरा पिशवीत ठेवला.

उतरतानाची पण एक रीत आहे. बर्फात दोन बाजूंनी तिरपी भोकं पाडायची, ती आत जाऊन एकमेकांना मिळतात, इंग्रजी व्ही सारखी, त्यातून जाड नाडी ओवायची, गाठ मारायची आणि तिच्यात दोर घालून उतरायचं. रशियाच्या अबालाकोव नावाच्या गिर्यारोहकाच्या नावानं ती ओळखली जाते. मागं बर्फात फक्त ती नाडी राहते. पहिला माणूस उतरताना शेजारी एक स्क्रू जादाचा ठेवतात, म्हणजे नाडी तुटली तरी तो आहे, आणि शेवटचा माणूस तो काढून घेऊन येतो. आम्ही तीन धबधबे असे उतरलो, दुपारच्या आत खाली होतो. तो खांब त्या दिवशी पडला का उभा राहिला ते मला आजपर्यंत माहीत नाही, दुसऱ्या दिवशी आम्ही परतीच्या रस्त्याला लागलो.

हे मला एवढं का पटलं ते माझ्या कामामुळं. पोलवर चढायच्या आधी आमच्याकडं परमिट घ्यायचं असतं, लाइन बंद झाली का ते स्वतः टेस्ट करायचं, तारेत उरलेली वीज जमिनीत सोडायला डिस्चार्ज रॉड लावायचा, अर्थिंग करायचं, मग बेल्ट बांधून चढायचं. हे सगळं कागदावर आहे. प्रत्यक्षात पावसाळ्यात गावात अंधार असतो, शेतकऱ्याचा मोटारीसाठी फोनवर फोन, वरून साहेबांचा फोन, आणि पोरगं बेल्ट न बांधता नऊ मीटरच्या पोलवर सरसर चढतं, खाली लोक म्हणतात वाघ आहे बाप्पा वाघ. मी पण असाच चढायचो. सहा वर्षांपूर्वी माझ्यासोबतचा हेल्पर असाच चढला, कोणीतरी पलीकडून लाइन चालू केली, दोन बोटं गेली त्याची, जीव वाचला. त्याला कोणी रॉड दिला नव्हता, ग्लोव्ह फाटके होते. आणि दुसऱ्या दिवशी सगळे काय बोलत होते, तर लय धाडसी पोरगा होता. धाडसी म्हणून त्याचं कौतुक झालं आणि रॉड कुठं होता हे कोणी विचारलं नाही. उत्तरकाशीला जाऊन आल्यापासून मी टेस्ट केल्याशिवाय तारेला हात लावत नाही, कोणी कितीही ओरडलं तरी. त्या दिवशी खांबापाशी “आज नहीं” ऐकलं तेव्हा मला तो हेल्पर आठवला, असं म्हणणारा एखादा माणूस त्याच्या पोलखाली असायला पाहिजे होता.

आता तुमच्या मथळ्याचा आणि आमच्या पोट्ट्यांचा संबंध. जून-जुलै लागला की चिखलदऱ्याच्या वाटेवर गाड्यांची रांग लागते. भीमकुंड आहे, भीमानं कीचकाला मारून ज्या दरीत टाकलं ती दरी आहे, वाटेत जागोजागी धबधबे सुटतात. आमच्या गावची पोट्टी मोटरसायकलवर तिघं तिघं बसून जातात, चपला घालून काळ्या खडकावर चढतात, ज्याच्यावर शेवाळ असतं, धबधब्याच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढतात. वर डोंगरात पाऊस पडला की खाली कोरडं आभाळ असताना लोंढा येतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. दर पावसाळ्यात कुठून ना कुठून तशी बातमी येतेच, आपल्याच पेपरात येते, आत चौथ्या-पाचव्या पानावर. आणि गोठलेल्या धबधब्यावर चार स्क्रू लावून चढणाऱ्याला तुम्ही लिहिता जीवघेणा स्टंट, शेवटच्या पानावर, रंगीत. मग गावातलं सतरा वर्षाचं पोट्टं काय समजते? त्याला वाटते धबधबा आणि स्टंट एकच, आणि जो घाबरत नाही त्याचा फोटो छापून येतो. परवा पानठेल्यावर हेच ऐकलं. तुमचाच पेपर हातात, आणि एक जण म्हणून राह्यला, “आपन बी मारू असा स्टंट, पानी पडू दे फक्त.” मी त्याला फोटोतला तो खालचा अर्धा कापलेला माणूस दाखवला. विचारलं हा कोण? तो म्हणाला, असन कोनी. त्या माणसाच्या हातात वरच्याचा जीव आहे हे मी त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला आणि मग त्यानं मला बरेच प्रश्न विचारले, दोर कसला असतो, तुटत नाही का, किती किलोचा माणूस धरतो, आपल्या भागातलं कोणी गेलंय का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच विदर्भात आहे. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांतली पाच पोरंपोरी एव्हरेस्टच्या शिखरावर उभी राहिली, राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या मिशन शौर्य मोहिमेतून. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४७ च्या वर जातो तिथली लेकरं, बर्फ बघायला पण न मिळालेली. त्यांना आधी महिनोन् महिने शिकवलं, तेव्हा ती तिथं गेली. मेळघाटातल्या कोरकू पोरांना मी मोहाच्या झाडावर चढताना पाहतो, फांदीवर भार द्यायच्या आधी ती पायानं दाबून पाहतात, ज्या फांदीवर शंका आली तिच्यावर जातच नाहीत. बर्फावर नेमकं हेच करायचं असतं. त्यांच्याकडं नजर आहे, पाय आहेत, फक्त कोर्सची माहिती, भरतीचा कागद आणि फीचे पैसे नाहीत.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. एक तर त्या फोटोबद्दल चार ओळींचा खुलासा छापा, की तो स्टंट नव्हता, दोर होता, खाली दोर धरणारा होता. पुढच्या वेळी असा फोटो छापताना खालचा माणूस कापू नका, तो चढणाऱ्याएवढाच महत्त्वाचा आहे. दुसरं, गिर्यारोहण संस्थांच्या बेसिक कोर्सचे फॉर्म कधी निघतात, वयाची अट काय, वैद्यकीय दाखला कुठून घ्यायचा, याची माहिती आपल्या ग्रामीण पुरवणीत द्या, तालुक्याच्या गावात अजूनही पोट्टे पेपर कापून ठेवतात, मी पण कापूनच ठेवला होता माझ्या वेळी. आणि तिसरं, चिखलदऱ्याच्या धबधब्यांवर एक पान काढा, त्यात शेवाळाचा खडक कसा ओळखायचा, पाणी अचानक गढूळ झालं किंवा त्यात काड्या-पाला यायला लागला की लगेच वरच्या कोरड्या जागी का जायचं, हे लिहा. लिहायला माणूस नसेल तर मी सांगतो, तुमच्या वार्ताहरानं फोन करावा, ड्युटी संपल्यावर संध्याकाळी सातनंतर.

हे पत्र मेच्या आत छापलं तर बरं होईल, जूनमध्ये पोट्टे धबधब्यांकडं निघतात.

आपला,
एक कंत्राटी वायरमन
ता. अचलपूर, जि. अमरावती